धनंजय रामचंद्र गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१ – ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ, पुण्यातील गोखले अर्थशास्त्र व राज्यशास्त्र संस्थेचे पहिले संचालक आणि नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. केंद्राकडून राज्यांना मिळणाऱ्या योजना-साहाय्याच्या वाटपाचे ‘गाडगीळ सूत्र’ त्यांच्या नावाने ओळखले जाते. श्रीमंत देशांच्या मदतीवर भारताच्या विकासाने किती विसंबून राहावे, हा प्रश्न तीव्र झाला असताना त्यांनी आयोगाची धुरा सांभाळली.

शिक्षण व संशोधन

गाडगीळ यांचा जन्म नाशिक येथे झाला. शालेय शिक्षण नागपुरात पूर्ण करून ते उच्च शिक्षणासाठी केंब्रिज विद्यापीठात गेले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. काही काळ त्यांनी सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून भारत सेवक समाजाने १९३० मध्ये पुण्यात गोखले संस्था स्थापन केली. गाडगीळ १९६६ पर्यंत तिचे संचालक होते.

प्रत्यक्ष पाहणीवर आधारलेले संशोधन हे संस्थेचे वैशिष्ट्य ठरले. बुधवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीच्या व्यापारी पेठांचे शहर असलेल्या पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी संस्थेने हाती घेतली. तिचा अहवाल १९४५ आणि १९५२ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. धोरण ठरविण्यापूर्वी लोकांचे व्यवसाय, उत्पन्न व राहणीमान यांची माहिती मिळविण्याची ही पद्धत संस्थेने ग्रामीण भागातही वापरली.

सहकार

कृषी वित्तपुरवठ्याचा अभ्यास करणाऱ्या समितीचे अध्यक्ष म्हणून गाडगीळ यांनी १९४५ मध्ये अहवाल सादर केला. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील लोणी परिसरात प्रवरा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या संचालक मंडळाचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. बाहेरून अर्थसाहाय्य मिळाले, तरी कारखान्याची मालकी ऊस उत्पादक सभासदांकडेच राहिली.

परकीय मदत आणि चौथी योजना

अमेरिकेच्या ‘पी. एल. ४८०’ कायद्यान्वये भारताला १९५६ पासून सवलतीने गहू मिळत होता. त्याची किंमत रुपयांत चुकती करता येत असल्याने परकीय चलन वाचे. मात्र पुरवठ्याचे प्रमाण आणि वेळ यांचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये होई. १९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर अमेरिकेने आर्थिक मदत थांबवली. त्यानंतर सलग दोन वर्षे दुष्काळ पडला आणि १९६६ मध्ये भारताला सुमारे १ कोटी टन धान्य आयात करावे लागले. या काळात अमेरिकेचा गहू थोड्या थोड्या हप्त्यांनी सोडला जात होता. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला. चौथी योजना लांबणीवर पडली आणि तीन वार्षिक योजनांवर काम भागवावे लागले.

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर १९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. त्यांच्या कार्यकाळात तयार झालेल्या चौथ्या योजनेने (१९६९–७४) स्थैर्य आणि स्वावलंबन यांवर भर दिला. धान्याची सवलतीची आयात १९७१ पर्यंत बंद करणे, तसेच व्याज व कर्जफेड वजा जाता उरणारी परकीय मदत योजनेच्या अखेरीस निम्म्यावर आणणे, ही तिची उद्दिष्टे होती.

गाडगीळ सूत्र

मदत देणाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न देशांतर्गतही होता. केंद्राचे साहाय्य विशिष्ट योजनांशी बांधलेले असे व वाटपाला निश्चित निकष नव्हते. १९६९ मध्ये स्वीकारलेल्या सूत्रानुसार आसाम, नागालँड आणि जम्मू-काश्मीर यांच्या गरजा आधी भागवून उरलेल्या रकमेपैकी ६० टक्के लोकसंख्येनुसार वाटली जाऊ लागली. राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी दरडोई उत्पन्न, कर उभारणीचे प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि विशेष समस्या यांना प्रत्येकी १० टक्के भारांश होता. साहाय्यात ३० टक्के अनुदान व ७० टक्के कर्ज असे. गरीब राज्यांना या सूत्रातून पुरेसा लाभ मिळत नाही, अशी टीका झाली. १९८० मध्ये चालू प्रकल्पांचा निकष वगळून कमी उत्पन्नाच्या निकषाचा भारांश २० टक्के करण्यात आला.

अखेरचा काळ व मूल्यमापन

१९७१ मध्ये पदमुक्त झाल्यावर दिल्लीहून पुण्याला परतत असताना ३ मे रोजी रेल्वे प्रवासात गाडगीळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये युद्धाच्या वेळी अमेरिकेने भारताची मदत पुन्हा रोखली. १९७२ चा दुष्काळ आणि १९७३ ची तेलाची दरवाढ यांमुळे चौथ्या योजनेची अनेक उद्दिष्टे अपुरी राहिली. गाडगीळ सूत्र मात्र वेळोवेळी बदल होत पुढील अनेक दशके केंद्र-राज्य आर्थिक संबंधांचा आधार राहिले.