अज्ञेय आदिकारण आणि सगुण ईश्वर : आगरकरांची भूमिका

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांना नास्तिक म्हणण्याची रीत त्यांच्या हयातीतच पडली. ती अचूक नाही. विश्वाच्या मुळाशी काही असावे, हे त्यांनी नाकारले नाही. त्या मूळ तत्त्वाला इच्छा, करुणा, न्यायबुद्धी ही विशेषणे कोणत्या आधाराने लावायची, हा त्यांचा आक्षेप होता.

कराडजवळील टेंभू येथे जन्मलेले आगरकर दारिद्र्याशी झगडत डेक्कन कॉलेजात पोहोचले. मिल आणि स्पेन्सर यांच्या ग्रंथांनी त्यांच्या विचाराला वळण दिले. मिलच्या १८७४ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या धर्मविषयक निबंधांत आदिकारणाचा युक्तिवाद निष्फळ ठरतो. सृष्टिरचनेवरून फार तर मर्यादित सामर्थ्याचा कर्ता संभवतो, एवढेच मिल मान्य करतो. स्पेन्सरने १८६२ साली त्या मूळ शक्तीला अज्ञेय म्हटले. अज्ञेयाला शक्ती म्हणणे हेही एक विशेषणच होय, हा टीकाकारांचा आक्षेप वाजवी आहे. आगरकरांना मात्र तत्त्वमीमांसेतील या अडचणीपेक्षा तिचे सामाजिक फलित महत्त्वाचे वाटले. आदिकारण मानल्याने प्रार्थना ऐकणारा, व्रताने संतुष्ट होणारा आणि विधवेचे केशवपन इच्छिणारा ईश्वर सिद्ध होत नाही. मग रूढीला त्याची आज्ञा कशी म्हणावी?

या मुद्द्यावर सनातन्यांशी त्यांचा विरोध उघडच होता. पण प्रार्थनासमाजाशीही त्यांचे जमले नाही, ही गोष्ट अधिक बोलकी आहे. सुधारणेत रानडे त्यांचे वडीलधारे सहप्रवासी. तथापि रानड्यांची सुधारणा दयाळू, सगुण ईश्वरावरील श्रद्धेतून बळ घेई, तर आगरकर मानवी सुखदुःखाच्या विवेकावर थांबत. १८८८ साली सुरू झालेल्या 'सुधारका'तून त्यांनी हा विवेक मांडला. 'देवतोत्पत्ति' या निबंधात तर देवकल्पनेचा उगम त्यांनी मनुष्याच्याच आदिम अनुभवांत शोधला. मूर्तीवर टीका करून निराकार ईश्वरापाशी विसावणाऱ्यांची सोयही त्यामुळे उरली नाही.

याची किंमत त्यांना द्यावी लागली. पुण्यात ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. मरणोत्तर न्यायाची हमी ज्याच्यापाशी नाही, त्याने असा छळ कशाच्या बळावर सोसावा, हा प्रश्न आस्तिक चरित्रकाराला पडणे स्वाभाविक आहे. उत्तर त्यांच्या वर्तनात शोधावे लागते. पत्नी यशोदाबाईंच्या व्रतवैकल्यांत त्यांनी कधी आडकाठी आणली नाही. १८९२ पासून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्यपद सांभाळताना दम्याने ते खंगत गेले. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा स्वतःच्या अंत्यविधीसाठी पैशांची पुडी त्यांनी आधीच बांधून ठेवलेली आढळली.