योझेफ अंताल : क्रांतीविना झालेले सत्तांतर पेलणारा इतिहासकार

हंगेरीतील चार दशकांची कम्युनिस्ट राजवट संपल्यावर मुक्त निवडणुकीतून आलेल्या पहिल्या सरकारचे नेतृत्व योझेफ अंताल यांनी केले. पोलंडचे वालेसा किंवा चेकोस्लोव्हाकियाचे हावेल यांच्यासारखे वलय त्यांच्याभोवती कधीच नव्हते. पंतप्रधान होण्यापूर्वीची सुमारे पंचवीस वर्षे त्यांनी बुडापेस्टमधील सेमेलवाइस वैद्यकीय इतिहास संग्रहालयात घालवली होती.

त्यांचा जन्म 8 एप्रिल 1932 रोजी बुडापेस्ट येथे झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांच्या वडिलांकडे सरकारचा निर्वासित विभाग होता. हजारो पोलिश निर्वासितांना आश्रय देणाऱ्या या अधिकाऱ्याला 1944 मध्ये जर्मनांनी हंगेरी व्यापल्यानंतर गेस्टापोने अटक केली. मुलाने इतिहासाचे अध्यापन पत्करले; मात्र 1956 च्या उठावातील सहभागामुळे त्याच्यावर अध्यापनबंदी आली. ग्रंथालयातील नोकरीनंतर 1964 मध्ये ते संग्रहालयात रुजू झाले व पुढे त्याचे संचालक झाले. राजकारणापासून दूर ठेवलेल्या या माणसाने त्या काळात राज्यघटना आणि संसदीय परंपरा यांचा अभ्यास मात्र सोडला नाही.

त्या अभ्यासाचा उपयोग 1989 च्या उन्हाळ्यात झाला. सत्ताधारी पक्ष आणि विरोधक यांच्यातील गोलमेज वाटाघाटींत घटनात्मक बारकावे जाणणारा माणूस म्हणून अंताल पुढे आले आणि ऑक्टोबरमध्ये हंगेरियन डेमोक्रॅटिक फोरमचे अध्यक्ष झाले. 1990 च्या निवडणुकीची दुसरी फेरी 8 एप्रिलला, नेमकी त्यांच्या वाढदिवशी झाली. फोरमला 386 पैकी 164 जागा मिळाल्या. दोन लहान पक्षांना सोबत घेऊन अंताल यांनी 23 मे रोजी सूत्रे स्वीकारली.

तत्पूर्वी त्यांनी घेतलेला एक निर्णय स्वपक्षीयांनाही रुचला नाही. महत्त्वाच्या बहुसंख्य कायद्यांसाठी दोनतृतीयांश बहुमताची अट होती. त्या अटीसह कारभार अशक्य होता. अंताल यांनी प्रमुख विरोधी पक्षाशी गुप्तपणे समझोता केला. अशा कायद्यांची संख्या घटली, पर्यायी नेता सुचवल्याशिवाय पंतप्रधानांना हटवता येणार नाही अशी तरतूद झाली आणि मोबदल्यात राष्ट्राध्यक्षपद विरोधी पक्षाच्या आर्पाद गोंत्स यांना मिळाले. 1956 नंतर जन्मठेप भोगलेले हेच गोंत्स पुढे त्यांना वारंवार अडवणार होते.

पाच महिन्यांतच कसोटी आली. 25 ऑक्टोबर 1990 रोजी पेट्रोलच्या दरात सुमारे 65 टक्के वाढ जाहीर झाली. दरवाढीचा इन्कार सरकारने नुकताच केला होता, त्यामुळे संताप दुपटीने उसळला. टॅक्सीचालकांनी बुडापेस्टचे पूल आणि देशभरातील रस्ते रोखले. कर्करोगग्रस्त अंताल त्या वेळी शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात होते. बळाचा वापर होईल अशी भीती होती. अखेर वाटाघाटी झाल्या, त्याही दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपित. सरकारला माघार घ्यावी लागली. रुग्णालयातील कपड्यांतच दूरचित्रवाणीवर दिसलेले पंतप्रधान अनेकांच्या स्मरणात राहिले.

जुन्या राजवटीतील गुन्हेगारांना शिक्षा का होत नाही, हा प्रश्न पक्षातूनच त्यांना विचारला जाई. तसे हवे असेल तर आधी क्रांती करायला हवी होती, असे ते तक्रारखोरांना सुनावत. हे उत्तर कोरडे होते, पण प्रामाणिकही होते. 1956 नंतरच्या दडपशाहीतील खुन्यांवर खटले चालावेत यासाठी संसदेने नोव्हेंबर 1991 मध्ये मुदतीचे बंधन उठवणारा कायदा केला. गोंत्स यांनी तो घटना न्यायालयाकडे पाठवला आणि मार्च 1992 मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. सरकारने निकाल मानला. जप्त मालमत्तेबाबतही मूळ जमीन परत देण्याऐवजी मर्यादित रकमेची भरपाईपत्रे देण्यात आली, त्यामुळे मित्रपक्ष दुखावला. सुमारे 20 अब्ज डॉलरचे परकीय कर्ज माफ करून घेण्याऐवजी ते फेडण्याचा मार्ग त्यांनी निवडला. तोट्यातील कारखाने बंद पडत गेले आणि बेरोजगारी वाढत गेली.

परराष्ट्र धोरणात यश अधिक स्पष्ट होते. जून 1990 मध्ये मॉस्कोतच त्यांनी वॉर्सा कराराची लष्करी यंत्रणा मोडीत काढण्याचा आग्रह धरला. वर्षभरात शेवटचा सोव्हिएत सैनिक हंगेरीतून गेला आणि त्यानंतर काही दिवसांतच करारही संपुष्टात आला.

पक्षातील अतिराष्ट्रवाद्यांना आवरण्यात मात्र ते कमी पडले. इश्तवान चुर्का यांच्या ज्यूविरोधी सुराच्या लेखानंतर त्यांची हकालपट्टी व्हायला सुमारे वर्ष लागले. आकाशवाणी व दूरचित्रवाणीच्या प्रमुखांवरून गोंत्स यांच्याशी झालेल्या संघर्षातही सरकारची प्रतिमा मलिन झाली.

अंताल यांनी पंतप्रधानपदावर असतानाच 12 डिसेंबर 1993 रोजी अखेरचा श्वास घेतला. पेतेर बोरोश यांनी उरलेली मुदत पूर्ण केली. मे 1994 च्या निवडणुकीत फोरमला केवळ 38 जागा मिळाल्या. 209 जागा जिंकून, जुन्या सत्ताधारी पक्षातून निघालेले समाजवादी मतपेटीच्या मार्गाने सत्तेवर परतले.