शिकारीतून आलेला राजा

करी रोड स्थानकातून बाहेर पडून लालबागमार्गे पोयबावडीपर्यंत चालत जाता येते. गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या या वस्तीत, परळच्या बीआयटी चाळीत, बाबासाहेब आंबेडकर राहत असत. ‘मूकनायक’ सुरू होण्याच्या सुमारास त्यांना भेटण्यासाठी एक धिप्पाड, पैलवानी बांध्याचे गृहस्थ या चाळीत आले. ते करवीरचे छत्रपती शाहू महाराज होते. राजाने बोलावणे धाडावे आणि प्रजेने धावत जावे, हा संस्थानी रिवाज. येथे राजाच कामगारांच्या चाळीत आला होता.

माणसांच्या दारी जाण्याचे हे वळण महाराजांना कोठून लागले? धारवाडला फ्रेझरसाहेबांच्या हाताखाली झालेले शिक्षण, वेदोक्त प्रकरणाने दिलेला चटका, ही कारणे चरित्रकार सांगतात आणि ती खरीच आहेत. मात्र राजवाड्याबाहेरची आणखी एक शाळा त्यांच्या आयुष्यात होती. ती म्हणजे शिकार.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि १८९४ मध्ये राज्यकारभार त्यांच्या हाती आला. कुस्ती, घोडे आणि शिकार हे त्यांचे जन्माचे छंद. दाजीपूरच्या जंगलात गव्याचे रान होते, तर उघड्या माळावर काळविटांचे कळप. या माळावरची शिकार चित्त्याकरवी होई. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत बसवून चित्तेवान कळपाच्या जवळ नेत. रोज गाड्या पाहणारी हरणे गाडीला फारशी बुजत नसत. टोपी निघाली की काहीशे पावलांच्या धावेत निकाल लागे. साधला तर काळवीट, हुकला तर चित्ता धापा टाकीत बसून राही आणि पुन्हा गाडीत चढे.

या खेळाची एक काळी बाजू होती. बंदिवासात चित्त्याची वीण जवळजवळ होतच नसे, आणि पिल्लू पाळावे तर त्याला आईने शिकार शिकवलेली नसे. म्हणून प्रत्येक चित्ता रानातूनच धरून आणावा लागे. पुढे देशातले चित्ते दुर्मीळ झाले, तेव्हा संस्थानिकांनी ते आफ्रिकेतून मागवले. भावनगरबरोबर कोल्हापूरचे नाव त्यात आघाडीवर होते. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. नामिबिया आणि दक्षिण आफ्रिकेतून २०२२ आणि २०२३ मध्ये कुनोच्या रानात चित्ते आले, ती शिकारीसाठी नव्हे, पण वाट तीच जुनी.

शिकारीला माग काढणारा माणूस लागतो. माळाची खडान्‌खडा माहिती फासेपारध्यांना. कोणत्या ओढ्यावर कळप पाण्याला येतो, वारा कोणत्या अंगाने धरावा, हे त्यांनी सांगावे. पण १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यातही आला आणि जन्मतःच गुन्हेगार ठरवण्याची रीत कायम झाली. रानात भटकताना महाराजांनी ही माणसे जवळून पाहिली. पोट भरण्याचे साधन नाही म्हणून चोरी, आणि चोर म्हणून साधन नाही, हा फेरा त्यांच्या ध्यानात आला. त्यांनी पारध्यांना कोल्हापूरजवळ सोनतळीला आणून घरे दिली, काम दिले आणि ज्यांच्यापासून राखण करायची असे लोक मानत, त्यांनाच पहाऱ्यावर नेमले. दरबारी मंडळींच्या पोटात गोळा आला असेल, यात नवल नाही.

याच छंदाने महाराजांकडून जबर किंमत वसूल केली. धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी जून १९१८ मध्ये रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडले आणि गेले. वयाची विशीही उलटली नव्हती. एक वर्षापूर्वीच लग्न होऊन आलेल्या इंदुमतीदेवी जेमतेम अकरा-बारा वर्षांच्या. राजघराण्यातील विधवेने पडद्याआड आयुष्य काढावे, अशी आप्तांची अपेक्षा होती. महाराजांनी सुनेला सोनतळीला ठेवले आणि इतर जातींच्या मुलींसोबत तिच्या शिक्षणाची व्यवस्था केली. त्याच १९१८ साली त्यांनी महार, मांग, रामोशी, बेरड यांची रोजची हजेरी बंद केली. पुत्रशोकाने खचलेला बाप आणि हुकूम काढणारा राजा एकाच घरात कसे नांदले असतील, हे त्यांचे त्यांनाच ठाऊक.

शिकार मात्र सुटली नाही. मार्च १९२० मध्ये माणगावला अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते आंबेडकर. महाराज तेथे शिकारीतूनच मुद्दाम वाट वाकडी करून आले. तुम्हाला तुमच्यातलाच पुढारी मिळाला आहे, अशा आशयाचे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले आणि आंबेडकर पुढे साऱ्या देशाचे नेते होतील, असा विश्वास व्यक्त केला. ‘मूकनायक’ला त्यांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती, त्याच वर्षी आंबेडकर अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला निघाले.

महाराजांचे शरीर आता थकत चालले होते. मधुमेहाने पोखरलेल्या त्या देहाने ६ मे १९२२ रोजी मुंबईत, गिरगावच्या खेतवाडीतील पन्हाळा लॉजमध्ये विसावा घेतला. वय अवघे ४७. गव्यांचे ते दाजीपूरचे रान १९५८ मध्ये अभयारण्य झाले.