उपसभापतीच्या खुर्चीत अनसूयाबाई

मैत्रिणींनो, आमच्या बचतगटात सरपंचबाईंचा विषय निघाला की कुणीतरी हमखास विचारतं, खुर्चीवर कोण बसतं आणि कारभार कोण करतं? तेव्हा मला अनसूयाबाई काळे आठवतात.

जन्म 1896चा, बेळगावचा. लग्नानंतर त्या नागपूरच्या झाल्या. तेव्हा आपला बुलडाणा जिल्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, राजधानी नागपूर. 1928 मध्ये सरकारने त्यांना प्रांताच्या कायदेमंडळावर नेमलं. केवढा मान! पण 1930 मध्ये सविनय कायदेभंग सुरू झाला आणि बाई राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या.

1937 मध्ये त्या निवडून आल्या. विधानसभेच्या 112 जागांपैकी बायकांसाठी राखीव फक्त 3! (आता ग्रामपंचायतीत निम्म्या आपल्या.) काँग्रेसला 70 जागा मिळाल्या आणि अनसूयाबाई उपसभापती झाल्या. सभापती घनश्यामसिंह गुप्त नसले की सभागृह त्यांनी चालवायचं. तिथे आपला पक्ष, परका पक्ष असं करून चालत नाही.

पक्ष आणि सरकार यांची ओढाताण त्यांनी जवळून पाहिली. मुख्यमंत्र्याला तेव्हा पंतप्रधान म्हणत. जुलै 1938 मध्ये पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांनी राजीनामा दिला. तीन मंत्री मात्र पक्षाच्या आदेशाशिवाय हलेनात, तेव्हा गव्हर्नरने त्यांना काढलं आणि खरे यांनी नवं मंत्रिमंडळ केलं. पक्षश्रेष्ठी भडकले. काही दिवसांतच खरे गेले, रविशंकर शुक्ल आले. शपथ गव्हर्नरपुढे घ्यायची, पण बहुमत पक्षाचं, असा तो कारभार होता. 1939 मध्ये न विचारता देशाला महायुद्धात ओढलं, म्हणून पक्षानेच मंत्रिमंडळं सोडायला लावली.

मला मोठं वाटतं ते त्यानंतरचं काम. ऑगस्ट 1942 मध्ये चिमूरला उठाव झाला, मग लष्कर आलं आणि बायकांवर अत्याचार झाले. अनसूयाबाई तिथे गेल्या, त्या बायकांचं ऐकून घेतलं. अशा गोष्टी आजही बाई बाईलाच सांगते, नाही का? चिमूर-आष्टीच्या खटल्यांत फाशीची शिक्षा झालेल्यांसाठीही त्या धडपडल्या, आणि अनेकांची फाशी टळली.

1952 आणि 1957 मध्ये नागपूरने त्यांना लोकसभेत पाठवलं. 1958 मध्ये त्या गेल्या, तेव्हाही त्या खासदारच होत्या.