सर विल्यम हर्शल व तांबड्यापलीकडील किरण

आमच्या दिघाशीसारख्या गांवीं अनेक घरांत एखादा जुना टी. व्ही., रिमोटचा पंखा, क्वचित् थंड हवेचें यंत्र असतें, आणि तें अद्याप नीट चालतही असतें. परंतु तोंडी आज्ञेनें चालणारें ‘स्मार्ट’ घर आपलेंही असावें, असा हट्ट मुलें धरूं लागलीं कीं, जुनें सर्व भंगारांत घालून नवें घ्यावें लागणार काय, ही चिंता पालकांस पडते. बहुधा तसें करण्याची गरज नाहीं. ती कां नाहीं, हें समजण्यासाठीं १८२२ सालीं निवर्तलेल्या एका ज्योतिषशास्त्रज्ञाचें चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

विल्यम हर्शल यांचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें झाला. वडील आयझॅक हे लष्करी वाद्यपथकांत ओबो नांवाचें, आपल्या सनईच्या जातीचें वाद्य वाजवीत. मुलगाही त्याच पथकांत शिरला. १७५७ सालीं हास्टेनबेकच्या लढाईंत फ्रेंचांनीं हॅनोव्हरच्या पक्षाचा पराभव केला, आणि त्यानंतर हा तरुण इंग्लंडांत आला. संगीताच्या शिकवण्या व स्वरलिपीच्या नकला करून त्यानें पोट भरलें. १७६६ सालीं बाथ शहरीं ऑक्टॅगन चॅपेलमध्यें ऑर्गनवादकाची जागा मिळाली.

संगीताच्या शास्त्रावरून गणित, तेथून प्रकाशशास्त्र, व तेथून आकाश, असा त्यांचा अभ्यास वाढत गेला. मोठी दुर्बीण विकत घेण्याइतका पैसा नव्हता. म्हणून १७७३ पासून धातूचे आरसे ते घरींच घांसूं लागले. घांसतांना मध्येंच हात काढतां येत नसे. एकदां हें काम सोळा तास चाललें, तेव्हां धाकटी बहीण कॅरोलाइन हिनें भावास आपल्या हातानें घांस भरविले. ह्या बहिणीचें चरित्र स्वतंत्रच लिहिण्याजोगें आहे. तिनें स्वतः आठ धूमकेतू शोधून काढले.

१३ मार्च १७८१ च्या रात्रीं बाथच्या घरामागील बागेंतून पाहतांना हर्शल यांस युरेनस हा ग्रह सांपडला. तिसऱ्या जॉर्ज राजानें वर्षास २०० पौंडांचें वेतन बांधून दिलें, व वाद्यवादनाची नोकरी सुटली. पुढें स्लाउ येथें त्यांनीं ४० फूट लांबीची दुर्बीण उभारली. हें सर्व पाठ्यपुस्तकांतून येतेंच. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो १८०० सालच्या प्रयोगाचा.

सूर्य पाहतांना ते दुर्बिणीस रंगीत कांचा लावीत. कांहीं कांचांतून उजेड थोडा येई, तरी डोळ्यास ऊष्मा लागे. कांहींतून उजेड पुष्कळ, पण ऊष्मा कमी. तेव्हां सर्व रंगांत उष्णता सारखी नसावी, असा त्यांस संशय आला. लोलकांतून सूर्यकिरण घेऊन त्यांनीं मेजावर रंगांचा पट्टा पाडला. पाऱ्याच्या गोळ्या काळ्या केलेले उष्णतामापक घेऊन एक रंगांत, व बाकीचे तुलनेकरितां बाजूस ठेविले. जांभळ्या रंगांत पारा २ अंश फॅरनहाइट चढला, हिरव्यांत ३¼, तांबड्यांत ६⅞. येथवर दुसराही कोणी पोहोंचला असता. हर्शल यांनीं उष्णतामापक तांबड्याच्याही बाहेर, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें तेथें ठेविला. आणि पारा तेथेंही चढला. उष्णतेचा कळस तांबड्याच्या पलीकडेच आहे, असें त्यांस आढळलें. जेथें उजेड नाहीं तेथें मोजून पाहण्याची बुद्धि होणें, हेंच आम्हांस ह्या प्रयोगांतील मोठेपण वाटतें. ह्या अदृश्य किरणांस आज अवरक्त किरण म्हणतात. चुलीपाशीं बसलें असतां तोंडास लागणारी धग मुख्यत्वें त्यांचीच.

रिमोटच्या टोंकाशीं ह्याच किरणांचा एक बारीक दिवा असतो. कळ दाबतांच तो बहुधा सेकंदास सुमारें ३८,००० वेळां लुकलुकतो, व त्या लुकलुकण्याचे लहानमोठे खंड पाडून, तारायंत्राच्या कडकट्टाप्रमाणें, प्रत्येक आज्ञेची खूण ठरविलेली असते. जुन्या संचास मोबाईलची भाषा येत नाहीं, एवढीच अडचण. तीवर उपाय म्हणजे एक लहानशी डबी. बाजारांत तिला आय. आर. ब्लास्टर म्हणतात. ती घरच्या वाय-फायला जोडावयाची. पुष्कळ उपकरणांच्या खुणा तिला आधींच ठाऊक असतात. नसल्यास, शिकण्याची सोय असलेल्या डबीसमोर जुना रिमोट धरून एकेक कळ दाबावी, म्हणजे ती खूण टिपून घेते. पुढें मोबाईलची आज्ञा रेडिओलहरींनीं डबीकडे येते, व डबी तीच खूण अवरक्त किरणांनीं संचास देते. रेडिओलहरी भिंतींतून जातात, हे किरण जात नाहींत. म्हणून डबी त्याच खोलींत, मध्यें कपाट न येईल अशी ठेवावी, आणि दुसऱ्या खोलीस दुसरी घ्यावी.

एक उणीव पालकांनीं ध्यानांत घ्यावी. डबी आज्ञा देते, पण ती पाळली गेली कीं नाहीं हें तिला कळत नाहीं. पुष्कळ टी. व्ही. चालू व बंद करण्यास एकच कळ असते. कोणी हातानें संच आधींच बंद केला असेल, तर बंद करण्याची आज्ञा त्यास उलट चालू करील. थंड हवेच्या यंत्राचें त्या मानानें बरें. त्याचा रिमोट बहुधा प्रत्येक कळीसरशीं उष्णतामान, पंख्याचा वेग वगैरे सर्व स्थिति एकदम पाठवितो. रिमोटवर चालणारी विजेची शेगडी मात्र अशा रीतीनें घराबाहेरून पेटविणें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

१८१६ सालीं हर्शल यांस ‘सर’ ही पदवी मिळाली, व २५ ऑगस्ट १८२२ रोजीं वयाच्या ८३ व्या वर्षीं स्लाउ येथें ते वारले. हे अदृश्य किरण प्रकाशाच्याच जातीचे असावेत, असें त्यांस प्रथम वाटलें होतें. पुढें अधिक प्रयोगांनंतर, उष्णता व प्रकाश भिन्न होत, अशा मतावर ते आले. तें मत टिकलें नाहीं. १८३५ सालीं फ्रेंच शास्त्रज्ञ अँपिअर यांनीं दोन्ही एकाच जातीचे मानिले, व कालांतरानें तेंच खरें ठरलें. विद्यार्थ्यांस हें घरींच पाहतां येईल. अंधाऱ्या खोलींत मोबाईलचा पुढचा कॅमेरा लावून त्यासमोर रिमोटचें टोंक धरावें व कळ दाबावी. डोळ्यांस कांहीं दिसत नाहीं, पण पुष्कळ मोबाईलांच्या पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकतो. तो दिसला तर रिमोटचे सेल अजून चालू आहेत असें समजावें.