सिसिली साँडर्स : अंतकाळ सुसह्य करणारी परिचारिका

इंग्लंडमध्ये २२ जून १९१८ रोजी जन्मलेल्या सिसिली साँडर्स दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सुटले. रुग्णसेवा मात्र सुटली नाही. रुग्णालयात समाजसेविका असताना डेव्हिड टास्मा या मरणासन्न पोलिश निर्वासिताशी त्यांचा स्नेह जुळला. १९४८ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने सिसिलींच्या संकल्पित शुश्रूषागृहातील खिडकीसाठी ५०० पौंड ठेवले. पुढे १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. वेदना उफाळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळी मॉर्फिन द्यावे, मनाच्या यातनांवरही उपचार व्हावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९६७ मध्ये लंडनमध्ये त्यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले आणि रोग असाध्य ठरला तरी शुश्रूषा संपत नाही, हा विचार जगभर रुजला. तेथेच १४ जुलै २००५ रोजी त्यांचे निधन झाले.