हेरॉइनच्या व्यसनावर उपचार शोधणारी डॉक्टर आणि ५५ वर्षं रखडलेलं बिल

साल १९४५. नुकत्याच डॉक्टर झालेल्या मेरी नायस्वांडर यांना हाडांची सर्जन व्हायचं होतं, तेही नौदलात. पण अमेरिकेचं नौदल तेव्हा बायकांना सर्जन म्हणून घेत नव्हतं. मग त्या सरकारच्या पब्लिक हेल्थ सर्व्हिसमध्ये गेल्या आणि त्यांची नेमणूक झाली केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनला.

तिथे मॉर्फिन, हेरॉइनसारख्या ओपिऑइड ड्रग्जच्या, म्हणजे अफूच्या कुळातल्या पदार्थांच्या व्यसनींसाठी सरकारी इस्पितळ होतं. नावाला इस्पितळ, पण अर्धा तुरुंगच. शिक्षा झालेले कैदी आणि आपणहून आलेले रुग्ण एकाच छताखाली. ड्रग बंद करायचं, काही महिने ठेवून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. बाहेर पडलेले बहुतेक जण पुन्हा सुई टोचून घ्यायचे. रुग्णांना मिळणारी वागणूक पाहून नायस्वांडर हादरल्या.

त्यावेळच्या डॉक्टरांचीही एक अडचण होती. १९१४ च्या हॅरिसन कायद्याचा अर्थ असा लावला गेला होता, की व्यसनी माणसाला त्याचं व्यसन भागवण्यापुरतं औषध देणं हा उपचार नाहीच. असं औषध देणाऱ्या डॉक्टरांवर खटले झाले. साहजिकच बाकीच्यांनी या रुग्णांना दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली.

नायस्वांडर न्यूयॉर्कला आल्या, मानसोपचारतज्ज्ञ झाल्या. जॅझ वादकांवर उपचार केले, ईस्ट हार्लेमच्या गरीब वस्तीत काम केलं. १९५६ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं, ज्याच्या नावातच व्यसनी माणसाला पेशंट म्हटलं होतं. तेव्हा हे धाडसच होतं. पण इतकी वर्षं समुपदेशन करूनही रुग्ण परत हेरॉइनकडे जातात, हे त्यांना दिसत होतं.

ते पुस्तक व्हिन्सेंट डोल यांच्या हाती पडलं. डोल रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये चयापचयावर संशोधन करत होते. १९६४ मध्ये दोघांनी मेरी जीन क्रीक या तरुण डॉक्टरांना सोबत घेऊन काम सुरू केलं. पहिले रुग्ण दोन. आधी त्यांना मॉर्फिन दिलं, पण ते दिवसभर पुढच्या इंजेक्शनची वाट बघत बसायचे, डोसही वाढत चालला. मग त्यांना मेथाडोनवर आणलं. हे जर्मनीत तयार झालेलं वेदनाशामक, तोंडाने घ्यायचं. आणि चित्रच पालटलं. एक जण रंग-ब्रश घेऊन चित्रं काढू लागला, दुसऱ्याला शिक्षण पुरं करायचं होतं.

मेथाडोनही ओपिऑइडच आहे. पण ते शरीरात सावकाश काम करतं, त्यामुळे दिवसाला एक डोस पुरतो. ठरलेल्या डोसवर तलफ आणि अंगदुखी थांबते, नशा चढत नाही, वरून हेरॉइन घेतलं तरी त्याचा फारसा परिणाम होत नाही. १९६५ मध्ये २२ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी नायस्वांडर आणि डोल यांनी लग्न केलं. केंद्राच्या नार्कोटिक्स खात्याने कारवाईची धमकी दिली, तेव्हा डोल यांनी त्यांना खुशाल कोर्टात जायला सांगितलं. खातं गेलं नाही. शहराच्या रुग्णालय आयुक्तांनी तर या कामासाठी खाटा मिळवून दिल्या.

टीका भरपूर झाली. एक नशा सोडवून दुसरी लावली, हा मुख्य आक्षेप. त्यात थोडं तथ्य होतं. मेथाडोनचा डोस जास्त झाला तर जीव जातो आणि ते बंद केल्यावर अनेक जण पुन्हा हेरॉइनकडे वळतात. यावर दोघांचं उत्तर होतं मधुमेहाचं. इन्शुलिन बंद केल्यावर साखर वाढली, तर दोष इन्शुलिनचा नसतो.

पुढे उपचार मान्य झाला, पण वेगळ्याच पद्धतीने. १९७२ चे नियम आणि १९७४ चा कायदा आला आणि व्यसनासाठीचं मेथाडोन परवानाधारक केंद्रांपुरतं मर्यादित झालं. नेहमीच्या डॉक्टरकडे ते मिळेना. रुग्णाने डोससाठी जवळपास रोज रांगेत उभं राहायचं. उपचार इस्पितळाबाहेर ढकलला गेला की त्याचे पैसेही नेहमीच्या आरोग्यविम्याबाहेर जातात, आणि इथे तेच झालं. गरिबांच्या मेडिकेड योजनेत काही राज्यं खर्च द्यायची, काही द्यायची नाहीत. बऱ्याच जणांना खिशातून पैसे भरावे लागत. १९७६ मध्ये नायस्वांडर आणि डोल यांनी दहा वर्षांचा आढावा घेतला, तेव्हा त्यांचा रोख याच सरकारी जाचावर होता.

एप्रिल १९८६ मध्ये कर्करोगाने नायस्वांडर गेल्या. वय ६७.

वृद्ध आणि अपंगांच्या मेडिकेअर योजनेने या केंद्रांचं बिल भरायला सुरुवात केली ती जानेवारी २०२० मध्ये, २०१८ च्या कायद्यामुळे. म्हणजे २२ रुग्णांच्या त्या निबंधानंतर ५५ वर्षांनी. पैसे देण्याची पद्धतही वेगळी ठेवली. प्रत्येक भेटीचं वेगळं बिल नाही, तर औषध, समुपदेशन, तपासण्या मिळून आठवड्याची एक रक्कम. अशा हिशेबात रुग्णाला जास्त फेऱ्या मारायला लावून केंद्राला जास्त पैसे मिळत नाहीत. याच कायद्याने राज्यांच्या मेडिकेड योजनांनाही व्यसनावरची औषधं देणं भाग पाडलं.

परवान्याची अट मात्र कायम आहे. अमेरिकेतला फॅमिली डॉक्टर आजही दुखण्यासाठी मेथाडोन लिहून देऊ शकतो, हेरॉइन सोडवण्यासाठी तेच औषध लिहून देऊ शकत नाही.